आगळ न लावलेले सुरणाचे काप

अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी पंधरा दिवसांची रजा काढून पुण्याहून गावी आले. त्याला आता चौथं वर्ष. आई आधीच गेली होती, भाऊ मस्कतला. उरले मी. लग्न न केलेली, म्हणजे सगळ्यांच्या मते मोकळी.

अण्णा एसटीचे ड्रायव्हर. अख्खा जन्म घाटातून गाडी काढलेला माणूस पडवीतल्या एका खुर्चीत बसून राहिला. उजवा हातपाय गेलेला, बोलणं अडखळत. मी विहिरीवर गेले तरी लगेच हाक यायची, "खंय गेलंस गो?" मालवणला बाजाराला जायचं तर शेजारच्या काकींना त्यांच्याजवळ बसवायचं, आणि जीव सगळा घड्याळात.

दिवाळी झाली की आमच्याकडे कणगी, अळकुड्या, सुरण निघायला लागतात. अण्णांचा जीव या कंदांवर. चिखल धुवायचा, सालं काढायची, उकडायचं, पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. दुसऱ्या वर्षी तर मला त्या मातीचा वासही नकोसा झाला होता.

त्याच वर्षी एका गुरुवारी काकींनी मोठा सुरण आणून दिला. "अण्णांक काप करून घाल." खाज लागू नये म्हणून हातांना खोबरेल चोळत होते, तेवढ्यात पुण्याच्या ऑफिसातून फोन आला; बिनपगारी रजा मी वाढवतच नेली होती. सोमवारी रुजू झालात तर ठीक, त्यापुढे जागा धरून ठेवता येणार नाही.

मी लगेच भावाला फोन लावला. म्हटलं, "पंधरा दिवस तरी ये. तोवर मी कोणीतरी बाई बघते."

"आता रजा मिळूची नाय गो," तो म्हणाला. "आणि तू आसस ना थंय. माका कसलीच काळजी नाय."

हे तो प्रेमानेच बोलला. मी फोन ठेवला आणि सुरण चिरायला घेतला. जाड, वेडेवाकडे काप पडले. मीठ-मसाला लावला, तांदळाच्या पिठात घोळवले, तव्यावर टाकले. अण्णांच्या ताटात चार काप वाढले आणि मागच्या दारात जाऊन उभी राहिले. समोर कुंपण, कुंपणापलीकडे रस्ता. कुडाळची गाडी गेली, ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

परत आले तर ताट स्वच्छ होतं. मग मी जेवायला बसले. पहिलाच घास गिळला आणि घशात काटे टोचावेत तशी खाज सुटली. कापांना आगळ लावायचं राहिलं होतं. कोकमाच्या त्या आंबट रसाशिवाय सुरण खाजतो, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. राग होता की विसर पडला, ते मला आजही सांगता येत नाही.

पडवीत धावले. अण्णांचे डोळे लाल झाले होते, डावा हात गळ्यावर. पाण्यात आगळ घालून मी पेला त्यांच्या ओठांना लावला. हळूहळू, घोट घोट करून त्यांनी तो संपवला.

"सांगितलं का नाही अण्णा? एक घास खाऊन थांबायचं!"

बराच वेळ ते शब्द जुळवत राहिले. "तू... रागात होतंस. म्हणान... गप रवलंय."

मी तिथेच जमिनीवर बसले. तोवर मला वाटत होतं की त्या घरात मी एकटीच अडकले आहे.

ऑफिसला येणार नाही म्हणून कळवलं. त्याचं वाईट वाटायचं थांबलं असं मात्र नाही. पण सोमवारी भावाला फोन केला आणि आमच्या बोलीत बजावलं, "मे महिन्यात तू येतलंस. मी इचारणंय नाय, सांगतंय."

तो आला, दहा दिवसांसाठी. मी पुण्याला मैत्रिणीकडे गेले आणि पहिले दोन दिवस नुसती झोपले. रोज त्याचे फोन यायचे: गोळ्या कुठे, आंघोळ कशी घालायची, अण्णा हट्ट करतात तेव्हा तू काय करतेस. आठव्या दिवशी म्हणाला, "ये गो आता. माका जमणा नाय."

"अजून दोन दिवस आहेत," मी म्हटलं, आणि ते दोन्ही दिवस राहिले.

तेव्हापासून तो दर मे महिन्यात येतो. बाकीचं वर्ष अण्णांजवळ मी.