बर्फाच्या चुऱ्याची आई

मालवणच्या मासळीबाजारात तो बर्फ फोडतो. बोलायचं ते दोनदा, ही त्याची सवय. "काकी, घेवा घेवा," म्हणत माझ्या पिशवीत मूठभर चुरा जास्तच टाकायचा. बायको गेली आणि तो एकदाच बोलायला लागला.

त्याच्या लेकीला मी एक कादंबरी दिलेली. हिमाच्या देशातली बापलेक बर्फाची आई करतात, अशी. ऊन पडतं त्या पानावर पोरीने पुस्तक मिटलं, ते मिटलंच.

"काकी, फुडे काय झाला, माका सांगा," तो बाजारात म्हणाला.

"मी नाय सांगणार. तिच्याबरोबर वाच रे."

रविवारी बघते तर काय, ह्याने अंगणात चुरा ओतून लेकीबरोबर आई केलेली, कपाळाला कुंकूसुद्धा! दुपारपर्यंत ती विरघळली. पोर रडली, रडली आणि ओल्या अंगणातच पुस्तक उघडून बसली.

शेजारी बसून हा म्हणतोय, "वाच गो, वाच!"