धरणाचा विनंती अर्ज

पासो दे लास गार्सास गावात शनिवारी सकाळी अकरा वाजता रेडिओवर आधी गुरांचे भाव सांगत आणि मग नीबियाबाई आपल्या कादंबरीचं एक प्रकरण वाचत. मधे जाहिरात नसे. त्यामुळे श्रोत्यांना वासरांच्या भावातून थेट आत्म्याच्या प्रश्नात उतरावं लागे. पण त्याबद्दल तक्रार कुणी केली नव्हती.

नीबिया आरॉस्पिदे, वय एकाहत्तर. चाळीस वर्षं सरकारी शाळेत, त्यातली एकोणीस मुख्याध्यापिका. गावातल्या निम्म्या माणसांच्या शाळेच्या पांढऱ्या डगल्यावरचा निळा बो त्यांनी कधी ना कधी ओढून सरळ केलेला. निधर्मी सरकारच्या कॅलेंडरात नाताळला कुटुंबदिन म्हणतात आणि ईस्टरच्या आठवड्याला पर्यटन सप्ताह. बाई ते दिवस त्याच नावांनी ओळखत. देवाशी त्यांचं वैर नव्हतं. ज्याच्याशी कधी ओळखच झाली नाही त्याच्याशी भांडायचं कशावरून, असं त्या म्हणत.

कादंबरीचा विषय मात्र त्यांनी नेमका तोच घेतला होता. एका धरणावरचं नियंत्रण करणारं यंत्र रोज दुपारी अकरा मिनिटं सगळं काम थांबवतं. तपास करणारा इंजिनियर तिसऱ्या प्रकरणात मरून पडतो. पाचव्या प्रकरणात संशय येतो की यंत्र प्रार्थना करतं. आणि मग खरा घोळ सुरू होतो, कारण धरण सरकारी, सरकार निधर्मी. तेव्हा सरकारी यंत्राला कामाच्या वेळात प्रार्थना करता येते का? राजधानीत पाच जणांचा आयोग बसतो. धरणाजवळच्या गावातल्या एका उंच, बाकदार नाकाच्या पाद्र्यावर सगळ्यांचा संशय असतो.

गावात उंच आणि बाकदार नाकाचा पाद्री एकच होता. फादर एलादियो. दहावं प्रकरण वाचून झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, ते बाईंच्या दारात उभे राहिले.

"आत येऊ का बाई?"

"या, एलादियोसाहेब." बाई त्यांना फादर म्हणत नसत. त्यांचे फादर रेल्वेत होते.

"खलनायक मी आहे, ते कळलं मला," फादर खुर्चीत बसत म्हणाले. "त्याबद्दल काही म्हणणं नाही. माझी आई तर खूश आहे. मुलाचं काहीतरी रेडिओवर आलं."

"मग?"

"प्रार्थना चुकलीय."

गेली कित्येक वर्षं 'चुकलं' हा शब्द या घरातून बाहेर जात असे. आत कधी येत नसे. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"काय चुकलंय?"

फादरनी खिशातून कागद काढला. ऐकता ऐकता त्यांनी उतरवून घेतलं होतं. "'माननीय महोदय. विषय : जलाशयाची पातळी. वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, गेल्या दोन महिन्यांत पाऊस समाधानकारक झालेला नाही. सबब आपण योग्य ती कार्यवाही करावी, ही विनंती. आपले नम्र, नियंत्रण यंत्र, टर्बाइन क्रमांक तीन.' बाई, हा अर्ज आहे. शिक्का तेवढा राहिलाय."

"देवाकडे मागतातच ना? मागायची हीच रीत मला माहीत आहे. याच रीतीनं मी निरीक्षकांकडून वर्गांसाठी तीन काळे फळे मिळवले."

"किती दिवसांत?"

"सात वर्षांत."

"वेळ आमच्याकडेही साधारण तेवढाच लागतो," फादर म्हणाले. "पण रीत वेगळी आहे."

बाईंना हे झोंबलं. न पाहिलेली गोष्ट लिहायची नाही, असा त्यांचा नियम होता. टर्बाइनचं झाकण किती बोल्टांचं असतं हे मोजायला त्या बसनं दोन तास प्रवास करून वरच्या धरणावर गेल्या होत्या. आणि ज्या गोष्टीवर अख्खी कादंबरी उभी, ती त्यांनी अंदाजानं लिहिली होती. शेवटचं प्रकरण येत्या शनिवारी होतं. यंत्र खरोखर प्रार्थना करतं की नाही, हे त्यात सांगायचं होतं, आणि ते त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं.

"मग ती रीत सांगा."

"ती सांगून कळत नाही. चर्चमध्ये या एकदा."

"मी? लोक बघतील."

"दुपारी या. दुपारी गावात लोक नसतात."

लोकांची भीती बाईंना उगाच नव्हती. रेडिओवरचा शनिवारचा तो तास मुक्त विचार मंडळाचा होता. मंडळ म्हणजे चौदा सभासद, एक पंखा आणि डॉमिनोचे दोन संच. ते काढलं बाईंचे यजमान ओरेस्तेस आणि औषधवाले हेबर लादोस यांनी. ओरेस्तेस सहा वर्षांपूर्वी गेले. अध्यक्ष आता हेबर. मंगळवारी हेबर दुकान बंद करून बाईंकडे आला.

"शेवटी पाद्रीच निघाला पाहिजे, नीबिया."

"पुरावा काय?"

"कादंबरीला पुरावा कशाला लागतो?"

"हे तू मुक्त विचार मंडळाचा अध्यक्ष म्हणून बोलतोयस?"

"वेळ मंडळाची आहे. यंत्रानं खरंच प्रार्थना केली असं निघालं, तर मी त्या तासाला पोल्का लावायला सांगीन. स्पष्ट सांगतो. ओरेस्तेस असता तर त्यानंही..."

"ओरेस्तेस असते तर आत्ता तू डॉमिनोत हरत बसला असतास."

हेबर गेला. बाजारात दार्विन खाटकानं बाईंना गाठलं. दार्विन नावाप्रमाणे वागत नसे. चर्चमध्ये एकही रविवार न चुकवणारा गावात तोच. पण त्याला यंत्राच्या आत्म्याशी कर्तव्य नव्हतं.

"बाई, एवढंच सांगा, इंजिनियरला मारलं कुणी?"

"शनिवारी कळेल."

"मी बायकोशी पैज लावलीय. आयोगावरच्या मंत्र्यानं मारलं ना?"

"बरगडीचं मांस दे अर्धा किलो. चरबी कमी."

गुरुवारी दुपारी तीन वाजता बाई छत्री घेऊन निघाल्या. फेब्रुवारीचं ऊन, म्हणजे इकडचा भर उन्हाळा. कुणी विचारलंच तर औषधाच्या दुकानात चालले म्हणायचं, असं ठरवलं होतं. दुकान साडेचारपर्यंत बंद असतं हे चौकात आल्यावर आठवलं. विचारायला एक कुत्रं होतं, तेही झोपलेलं. बाईंनी चर्चचं दार ढकललं. आत चांगलाच गारवा होता, आणि कुणीतरी घोरत होतं.

शेवटच्या बाकावर मुक्त विचार मंडळाचे अध्यक्ष आडवे झाले होते. बूट काढून बाकाखाली नीट लावलेले, थर्मास उशाशी.

"शू," फादर म्हणाले. ते समोर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन माईक उघडून बसले होते. "साडेतीनला उठतात ते."

"कधीपासून चाललंय हे?"

"अकरा उन्हाळे झाले. भिंती जाड आहेत आपल्या. गावात इतकी गार जागा दुसरी नाही."

"आणि तुम्ही काय बोलता एकमेकांशी?"

"काही नाही. ते घोरतात, मी बसतो."

बाई दोन बाक सोडून बसल्या. वही उघडली. "बसून काय म्हणता तुम्ही?"

"आधी म्हणायचो. यादी असायची माझी, तुमच्या यंत्रासारखीच. ती कधीतरी संपली." फादरनी एक स्क्रू फुंकून साफ केला. "आता नुसता बसतो. कुणी आलं तर आपण जागेवर असावं, एवढंच."

"आणि येतं कुणी?"

फादरनी शेवटच्या बाकाकडे पाहिलं. "हे येतात."

बाईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि मोजून अकरा मिनिटं बसायचं ठरवलं. पाहिल्याशिवाय लिहायचं नाही म्हणजे नाही. चौथ्या मिनिटाला गुडघा दुखायला लागला. सहाव्या मिनिटापर्यंत विशेष काही घडलं नाही, आणि तसं त्यांनी वहीत नोंदवलं. सातव्या मिनिटाला त्यांना स्वतःचं स्वयंपाकघर आठवलं.

येर्बाचा, म्हणजे कडसर पाल्याच्या चहाचा, पोकळ भोपळा एकच असतो आणि ओढायची नळीही एकच. गरम पाणी ओतणारा पहिला घोट स्वतः घेतो, मग भरून पुढच्याला देतो, आणि फेरी चालू राहते. ज्याला पुरे झालं तो 'आभार' म्हणतो. मग त्याला वगळायचं. ओरेस्तेस सकाळच्या फेरीच्या मधेच गेले, आभार म्हणायचे राहून. नियमाप्रमाणे त्यांची पाळी संपलेली नव्हती. म्हणून गेली सहा वर्षं बाई रोज भोपळा भरत, टेबलावरून समोर धरत, माणसाला हात पुढे करायला लागतो तेवढा वेळ धरून ठेवत, आणि मग स्वतः पीत. याला त्या सवय म्हणत आल्या होत्या.

"हं," बाई मोठ्यानं म्हणाल्या.

घोरणं थांबलं. हेबर उठून बसला. त्यानं आधी बाईंना पाहिलं, मग फादरना, मग आपल्या पायांतल्या मोज्यांना.

"तू इथं?"

"संशोधन," बाई म्हणाल्या. "तू?"

हेबरनं बाकाखालून बूट ओढले. "गारवा," तो म्हणाला.

"असं."

"नीबिया..." तो बूट चढवत म्हणाला, डावा उजव्या पायात गेला होता. "शनिवारी काय हवं ते वाच. मंडळ विचारस्वातंत्र्याच्या बाजूचं आहे."

शनिवारी वासरं थोडी उतरली, गाई स्थिर राहिल्या, आणि बाईंनी शेवटचं प्रकरण वाचलं. पाद्र्याचा काही संबंध नव्हता. इंजिनियर ओल्या पायऱ्यांवरून घसरला होता. दहाव्या प्रकरणातला तो अर्ज आयोगाच्या कारकुनानं अंदाजानं लिहिला होता. नदी ओलांडायच्या जुन्या उतारावर एक टपरी होती. तिथला माणूस रोज दुपारी फोन करून पाण्याची पातळी कळवायचा. टपरी वीस वर्षांपूर्वी पाडली, माणूस त्याच्या आधीच गेला. पण 'आता फोन करणार नाही' असं यंत्राला कुणी कळवलंच नव्हतं. म्हणून ते रोज सगळं बाजूला ठेवून ती लाइन उघडत असे आणि अकरा मिनिटं थांबत असे. आयोगाचा निकाल बाईंनी सावकाश वाचला. ही भाषा त्यांना येत होती. "सदर यंत्र कोणाकडेही काहीही मागत नाही. काहीही न मागणाऱ्याबाबत राज्यघटनेत कलम नाही. सबब, ही अकरा मिनिटे वेळापत्रकात कायम करण्यात यावीत."

रविवारी फादरनी प्रवचनात सांगितलं की यंत्र करत होतं ती प्रार्थनाच, याहून चांगली व्याख्या त्यांनी तरी ऐकली नाही. त्याच संध्याकाळी मंडळानं निधर्मी विचारांचा विजय झाल्याची नोंद इतिवृत्तात केली. दार्विन एकटा हरला होता.

"घसरला? अकरा शनिवार दुकान सांभाळत मी कान लावून बसलो, आणि घसरला?"

"पायऱ्या ओल्याच असतात तिथं, दार्विन. मी स्वतः बघून आलेय."

सोमवारी सकाळी फादर आणि हेबर बाईंच्या फाटकाशी एकाच वेळी पोचले आणि तिथूनच भांडत आत आले.

"कुणाची तरी वाट बघायची, तर तो कुणी असायला हवा," फादर म्हणत होते.

"अजिबात नको! तोच तर मुद्दा आहे!" हेबर म्हणाला. "टपरीच नाही तिथं!"

"बसा आधी," बाई म्हणाल्या. "ओरडायचं असेल तर बसून ओरडा."

त्यांनी पाणी ओतलं. पहिला घोट स्वतः घेतला. भोपळा पुन्हा भरला आणि नेहमीच्या सवयीनं टेबलावरून समोर धरला. तो तिथंच थांबला. समोर हेबर होता, आणि त्याचे दोन्ही हात राज्यघटना समजावण्यात गुंतले होते. बाई धरून राहिल्या. मग हेबरचं लक्ष गेलं. त्यानं भोपळा घेतला, नळी ओढली, तोंड वाकडं केलं.

"गार झालंय."

"तू बोलत बसलास म्हणून."

बाईंनी किटली पुन्हा गॅसवर ठेवली. साडेअकरा वाजून गेले तरी दोघांपैकी कुणी आभार म्हटले नव्हते.