मत दिल्याशिवाय कॉफी नाही

आमच्या सिनेमा मंडळाचा एकच नियम आहे आणि तो मामींनी केलेला आहे. मत दिल्याशिवाय कॉफी मिळत नाही. आणि 'छान होता' हे मत धरत नाहीत.

मामी आमच्या शेजारच्या रो हाऊसमध्ये राहतात. त्या आणि मामा मूळचे तंजावरकडचे मराठी. सगळा जन्म मद्रासेत ट्रिप्लिकेनच्या गल्लीत काढला आणि म्हातारपणी मुलाच्या हट्टानं शहराबाहेर सिरुसेरीच्या या कॉलनीत आले. मुलगा त्यांना इथं बसवून स्वतः परदेशी गेला, हा भाग वेगळा. कॉलनीत आम्ही मोजकीच मराठी घरं आणि त्यातली बाकीची सगळी माझ्यासारखी महाराष्ट्रातून नोकरीपायी आलेली. महिन्यातून एका रविवारी दुपारी क्लबहाऊसमध्ये पडदा लावून सिनेमा बघायचा, असं आम्ही सुरू केलं. पहिल्या दोन-तीन वेळा लोक सिनेमा संपला की 'छान होता हं' म्हणून कॉफी पिऊन पसार झाले. मामी भडकल्या. सकाळपासून फिल्टर कॉफीचं डिकॉक्शन घालतात त्या, हरभरे उकडून सुंडल करतात, आणि कुणी दोन वाक्यं बोलायला तयार नाही म्हणजे काय? तेव्हापासून कॉफीचं भांडं मामींच्या मांडीपाशी असतं आणि ज्याचं मत पसंत पडलं त्याच्याच हातात टंबलर पडतो. मद्रासेत राहून रविवारची कॉफी हुकणं काय असतं, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही.

सिनेमा निवडायचं काम माझ्याकडे. त्या महिन्यात मी तो एका कारस्थानासाठी निवडला, हे आधीच सांगून टाकते. मला त्याची मुळीच लाज वाटत नाही.

त्याचं असं झालं. माझं ऑफिस सिरुसेरीत, घरापासून स्कूटरवर दहा मिनिटं. नवऱ्याचा कारखाना अंबत्तूरला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. घर घेताना मीच हट्ट धरला होता, की मला मागं अंगण असलेलं घर पाहिजे. तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." घर झालं, आणि तेव्हापासून तो कंपनीच्या बसनं पहाटे अंधारात जातो आणि अंधार पडल्यावर येतो, आणि रविवार आठवड्याची झोप भरून काढण्यात जातो. तक्रार म्हणून नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, मी चार शब्द सुनावले असते, त्यानं मला सुनावले असते आणि हिशेब मिटला असता. पण हा माणूस जेवताना फक्त सांबाराचं कौतुक करतो. "शेवग्याच्या शेंगा कुठून आणतेस गं? काय कोवळ्या असतात!" बस्स. एवढंच संभाषण.

आणि आता कंपनीनं त्याला विचारलं होतं, पुण्याजवळच्या कारखान्यात जाल का? सोमवारी उत्तर द्यायचं होतं. मी विचारलं, "तुला काय वाटतं?" तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." मी कपाळाला हात लावला. चार दिवस हाच खेळ चालला. मी गोडीनं विचारलं, चिडून विचारलं, भाजी निवडताना सहज विचारल्यासारखं विचारलं. उत्तर तेच. मला खरं एकच जाणून घ्यायचं होतं. या घरापायी हा माणूस माझ्यावर मनातल्या मनात रागावलाय का? तसं असेल तर मी त्याच दिवशी सामान बांधलं असतं.

मग मला मामींचा नियम आठवला. घरी बोलत नाही ना? मंडळात बोलावंच लागेल.

सिनेमा शोधून शोधून काढला. परदेशातला. शहराबाहेर हिरवळ असलेलं सुंदर घर, आत नवरा-बायको आणि एक मुलगी, आणि तिघांचंही एकमेकांशी पार बिनसलेलं. नवरा नोकरी सोडून दिवसभर गॅरेजचं दार रंगवत बसतो. बायको दुपारचं जेवण घराच्या दारात उभ्या केलेल्या गाडीत बसून एकटीच जेवते. शेवटी ती तीच गाडी घेऊन निघून जाते आणि तो हातात ब्रश घेऊन बघत राहतो. जेवताना मी नवऱ्याला एवढंच सांगितलं, की एक जोडपं शहराबाहेर राहायला जातं आणि मग त्यांचं बिनसतं. तो म्हणाला, "वा." आणि अजून थोडं सांबार घेतलं.

क्लबहाऊसमध्ये बायका पुढं सतरंजीवर बसतात आणि पुरुष मागं खुर्च्यांवर. सिनेमा सुरू होऊन दहा मिनिटं झाली नसतील, मी हळूच मागं वळून पाहिलं. काय परिणाम होतोय ते बघावं म्हणून. तर हा गाढ झोपलेला! पण ते माझ्याशिवाय कुणालाही कळलं नसतं. कंपनीच्या बसमध्ये इतकी वर्षं काढून त्यानं एक विद्या कमावली आहे. पाठ ताठ, चष्मा जागेवर, चेहरा विचारमग्न, आणि आतून माणूस पार गेलेला. शेजारी बसलेले मामा तर मधून मधून त्याच्याशी कुजबुजत होते आणि हा झोपेत बरोबर मान हलवत होता. माझी जी चडफड झाली म्हणता! एवढं मोठं जाळं विणलं आणि मासा पाण्याबाहेरच झोपलेला.

दिवे लागले. पंखे मोठे केले. मामींनी भांडं पुढं ओढलं आणि वासानंच सगळे सरसावून बसले.

पहिलं मत नेहमी मामींचंच. त्यांची मराठी जुन्या पोथीतून उठून आल्यासारखी, वर तमिळचा हेल. "मज कळत नाहीं," त्या म्हणाल्या, "त्या बाईस दुःख तें काय आहे? घरांत सासू नाहीं. भांडीं यंत्र घासतें. नवरा घरींच आहे, तो रंग लावतो. आमचे ह्यांनी आजवर एक खिळा ठोकला नाहीं. अय्यय्यो, मी असतें तर पायसम केलें असतें."

मामा बँकेतून निवृत्त झालेले. खिळ्याचा विषय कानाआड करून ते म्हणाले, की सगळा दोष संध्याकाळी सहाला जेवण्याचा आहे. सहाला जेवलं की रात्रभर माणसानं करायचं काय? भांडणारच. मामींनी त्यांना टंबलर दिला, पण अर्धाच भरला.

मग आमच्या कॉलनीतलं नवं जोडपं. दोघंही आयटीत, लग्नाला वर्ष झालेलं. ती म्हणाली, "मला ती गाडीत बसून जेवते ना, ते फार पटलं. अगदी समजलं मला."

"समजलं म्हणजे?" तिचा नवरा मागून म्हणाला.

"समजलं म्हणजे समजलं."

"तू गाडीत बसून जेवतेस?"

"अजून नाही," ती म्हणाली. तिला काठोकाठ टंबलर मिळाला. तो बिचारा मत द्यायचं विसरून तिच्याकडेच बघत बसला.

आता खरं तर मला माझ्या नवऱ्याला वाचवता आलं असतं. 'आज याचं डोकं दुखतंय' म्हटलं असतं तर मामींनी कॉफी तर दिलीच असती, वर बामही दिला असता. पण माझ्या अंगात शिरला होता सैतान. म्हटलं, झोपतोस काय? आता बघतेच. मी मोठ्यानं म्हणाले, "मामी, यांचं मत राहिलं हो."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. मामींनी त्याचा टंबलर भरून स्वतःच्या हातात धरून ठेवला, तशी त्यानं चष्मा सारखा केला, घसा साफ केला आणि तो बोलू लागला.

"मला तो माणूस तितका वाईट वाटला नाही," तो म्हणाला. "सगळ्यांना वाटतं, की बायकोच्या हौसेपायी त्यानं घर घेतलं. पण हौस त्यालाही होती. त्यानं बोलून दाखवलं नाही एवढंच."

मी मनात म्हटलं, ठोक, ठोक थापा. त्या सिनेमात घर सासऱ्यानं दिलेलं होतं.

"तो सकाळी अंधारात जातो, रात्री अंधारात येतो," नवरा पुढं म्हणाला. मामांच्या कपाळावर आठी पडली, कारण सिनेमातला माणूस गॅरेजच्या पलीकडे गेलेलाच नव्हता. "आल्यावर तो लगेच बेल नाही वाजवत. फाटकाशी जरा थांबतो. आतून आवाज येत असतात. कुकरची शिट्टी होते. बायको फोनवर कुणाशी तरी हसत असते. छान हसत असते. त्याला माहीत असतं, की आपण बेल वाजवली की ते हसू थांबणार आणि ती पानं घ्यायला उठणार. म्हणून तो थांबतो. तिचं हसून होईपर्यंत."

मी छताकडे बघायचं थांबवलं.

"आणि आता त्याला विचारतात, हे घर सोडतोस का. अहो, सोडायला आधी राहायला तर पाहिजे! तो राहिलाय कुठं तिथं? त्यानं ते घर दिवसाउजेडी धड बघितलेलं नाही. माझं मत म्हणाल तर त्यानं सोडू नये." एवढं बोलून त्यानं हात पुढं केला. "झालं. कॉफी?"

मामा हळूच म्हणाले, "हा फाटकाचा प्रसंग कधी येऊन गेला? मी चष्मा पुसत होतो तेव्हां काय?"

आणि मग ज्याचं मत अजून राहिलं होतं तो नवविवाहित नवरा घाईघाईनं म्हणाला, "मला तर तोच सीन सगळ्यात आवडला! फाटकाचा! काय ॲक्टिंग केलीय!" त्याला वाटलं असणार, बायको खूश होईल. ती झालीही.

मामींनी माझ्या नवऱ्याला टंबलर दिला, वर सुंडलचा दुसरा डाव वाढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ह्यांनीं एकट्यांनीं सिनेमा नीट पाहिला."

माझं मत काय झालं, ते विचारू नका. मला रडू येत होतं. सरळ सांगते, सुंडलमधली मिरची चावली असं म्हणून मी बाहेर नळावर गेले आणि रडून घेतलं. इतकी वर्षं बेल वाजली की मी बहिणीला म्हणत आले होते, 'ठेवते गं, आला.' याला गरम जेवायला मिळावं म्हणून ठेवत होते. आणि हा मेला बाहेर डबा हातात धरून माझं हसू पुरं व्हायची वाट बघत होता! राग म्हणता राग आला मला. आणि इतकं भरून आलं, की पुन्हा तोंड धुवावं लागलं.

घरी येताना मी म्हटलं, "उद्या पुण्याला नाही म्हणून कळव."

"तू म्हणशील तसं."

"मी नाही म्हणत. त्या सिनेमातला माणूस म्हणाला, सोडू नये."

त्यानं विचारलं, "सिनेमात तसं नव्हतं का?"

"नव्हतं."

"मग काय होतं?"

"गॅरेजचं दार रंगवत होता तो. झोपाळू कुठला!"

तो इतका हसला, की कॉलनीच्या वॉचमननं काठी आपटून काय झालं म्हणून विचारलं, "एन्ना सार?" मी म्हटलं, काही नाही बाबा, सिनेमा बघून आलोय.

सोमवारी त्यानं पुण्याला 'नाही' म्हणून कळवलं आणि त्याच दमात साहेबांना सांगून पहिली शिफ्ट मागून घेतली. आता कंपनीची बस त्याला अजूनच अवेळी उचलते, कोंबडासुद्धा उठलेला नसतो. पण दुपारी अडीचला शिफ्ट सुटते. झोपेचं म्हणाल तर मंडळाचे सिनेमे आहेतच.

पहिल्या दिवशी तो आला तेव्हा साडेचार झाले होते आणि बाहेर रणरणतं ऊन होतं. मी घरूनच काम करत होते आणि त्या वेळी बहिणीशी फोनवर होते. बेल वाजली. मी फोन ठेवला नाही. हसतच दार उघडलं, त्याला हातानं 'आत ये' म्हटलं आणि पुढं बोलत राहिले. तो जरा गोंधळला. मग बूट काढून, पाणी पिऊन, रिकाम्या घरात पाहुणा फिरतो तसा फिरू लागला. मागचं दार त्यानं गेल्या कित्येक वर्षांत उघडलेलं मला आठवतच नव्हतं. ते त्यानं त्या दिवशी उघडलं.

बराच वेळ आवाज नाही म्हणून मी फोन कानाला धरूनच मागं गेले. हा अंगणात मान वर करून उभा होता. डोक्यावर शेवगा, भिंतीच्याही वर गेलेला, शेंगांनी लगडलेला.

"हा शेवगा कुणाचा गं?" त्यानं विचारलं.

घरभरणीच्या आठवड्यात मामींनी कुंपणावरून एक फांदी दिली होती. ती यानंच सुट्टीच्या दिवशी खड्डा करून मातीत खोचली होती आणि हात धुऊन दुसऱ्या दिवशी अंधारात कामावर गेला होता.

"तुझा," मी म्हटलं.