बूट घालून बसणारा मुलगा

ती घटना आठवली की आजही माझी नजर आधी लोकांच्या पायांकडे जाते.

पुण्यात एका विद्यापीठाच्या चौकीत मी फौजदार होतो. पेपरफुटी, निवडणुकीतली डोकेफोड, वसतिगृहातल्या चोऱ्या, यातच केस पिकले. स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि बायकोच्या पोस्टिंगमागे टोकियोत, ओजिमाला आलो. मोठ्या भूकंपाला आणि त्सुनामीला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तिथल्या एका विद्यापीठाच्या वसतिगृहावर मला गार्डचा 'बाइतो' मिळाला. बाइतो म्हणजे अर्धवेळ नोकरी. बायको म्हणायची, "फौजदारसाहेब, डबा विसरलात."

हादरे चालूच होते. हादरा थांबला की दार अडकू नये म्हणून उघडंच ठेवायचं आणि सगळ्यांनी अंगणात जमायचं, असा नियम. नेमक्या त्या वेळात लॅपटॉप गायब होऊ लागले.

खबर दिली वसतिगृहातल्याच एका मराठी विद्यार्थ्याने. आमच्याकडे रविवारी पोहे खायला यायचा. "काका, तो वरच्या मजल्यावरचा जपानी बघा. रूममध्ये बूट घालून बसतो! जपानी माणूस आणि घरात बूट?"

पुढच्या हादऱ्याला मी पाहिलं. सगळे मोज्यांवर, चपलांवर, एकजण तर टॉवेलवर. हा मात्र नाड्या बांधून, पाठीला बॅग लावून सगळ्यांत आधी बाहेर, आणि डोळे एकेकाच्या तोंडावरून फिरतायत. माझ्या अनुभवाने शिक्का मारला: हाच. मी तसं कळवलं. व्यवस्थापकांनी त्याला खोली सोडायला सांगायचं ठरवलं. फक्त त्याचं म्हणणं ऐकणं बाकी होतं.

व्यवस्थापकांसमोर मी चौकशी सुरू केली, मोडक्या जपानीत. बॅगेत टॉर्च, पाणी, शिट्टी.

"खोलीत बूट का?"

"माझं घर समुद्राजवळ होतं. त्या दिवशी आजी बूट शोधत मागे राहिली."

मी शिट्टी बॅगेत परत ठेवली. तरी पोलीस तो पोलीस. "बाहेर येऊन काय टेहळतोस?"

"कोण आलं नाही ते."

"मग? कोण येत नाही?"

तो व्यवस्थापकांकडे पाहू लागला. व्यवस्थापकांनी पुन्हा विचारलं तेव्हा अवघडत म्हणाला, "तुमच्या देशाचा तो मुलगा. दर वेळी शेवटी येतो, दुसऱ्याच जिन्याने. भीतीने त्याचे पाय हलत नसतील. पुढच्या वेळी मी त्याला आणायला वर जाणार होतो. ओरडू नका त्याला."

व्यवस्थापकांनी स्थानिक पोलिसांना बोलावलं. त्या मराठी मुलाच्या खोलीच्या झडतीत लॅपटॉप निघाले ते आमच्या घरून गेलेल्या दिवाळीच्या फराळाच्या खोक्यात, चिवड्याच्या पिशवीखाली.

"काका, आपल्या माणसाला सांभाळून घ्या ना!"

"पोलिसांना खरं सांग," एवढंच मी म्हणालो.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "चोराने काका म्हटलं की तुम्ही त्याला पोहे वाढता," ती म्हणाली. अपील करायला जागाच नव्हती.

जपानी मुलाची खोली राहिली. ते सांगायला मी वर गेलो, खाली वाकून माफी मागितली. तोही वाकला. मग त्याने काळजीने विचारलं, "त्याला आता कुठे ठेवतील? हादरा आला तर तिथून लवकर बाहेर पडता येतं ना?"

मी सारी नोकरी गर्दीत नको तो माणूस शोधत काढली. गर्दीत कोण नाही हे पाहणाराही कोणी असतो, हे मला निवृत्तीनंतर कळलं.