माझ्या मागून येणारी गाडी

माझे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते आणि आम्ही तिथल्या कॉलनीत राहायचो. एके दिवशी ते कामावरून आले, बूट न काढताच खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आज साहेबांनी बोलावून विचारलं, तुमची मुलगी काय करते?"

"मग?"

"शिवणाचे क्लास घेते म्हणून सांगितलं."

मला हसू आलं, पण ते हसले नाहीत. साहेबांना माझी चौकशी कुणी करायला लावली असेल, याचा अंदाज आम्हा दोघांनाही होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कुठल्याच पेपरात नोकरीला नव्हते. बातमी शोधायची, लिहायची आणि जो छापेल त्याला द्यायची, असं माझं काम. त्यातही कोठडीतली मारहाण, वेठबिगारी असल्या विषयांच्या मागे मी लागलेली. तेव्हा माझ्या हातात सुरगाण्याच्या एका मजुराचं प्रकरण होतं.

भात कापून झाल्यावर हा मजूर बायकोला घेऊन दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला आला होता. बागेतली पाण्याची मोटार चोरीला गेली आणि पोलिसांनी संशयावरून त्याला उचललं. तो चौकीतच मेला. फिट आली, असं पोलिसांनी सांगितलं. पण त्याची बायको भाकरी घेऊन चौकीच्या मागच्या खिडकीपाशी गेली होती, हे मला बागेतल्या दुसऱ्या एका बाईकडून समजलं. खिडकीतून तिला काय दिसलं, ते तिच्याच तोंडून ऐकायला, ती गावी परतल्यावर मी तिच्या पाड्यावर जाऊ लागले. नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून सुरगाण्याची एसटी, पुढे काळी-पिवळी जीप आणि मग चढाची पायवाट.

पहिल्या खेपेला ती निदान दारात आली. नंतर मी गेले की ती आत जाऊन बसायची. शेवटी एकदा तिची सासूच अंगणात आडवी उभी राहिली.

"बाई, तू इथं येऊ नको."

"का, आजी?"

"तू येऊन जातीस आन् मागून पोलिसांची गाडी येती. सुनंला दम देत्यात, त्या पेपरवालीला काय सांगितलं म्हून. तू त्यांचीच हायेस."

त्यांच्या जागी असते तर मलाही तेच वाटलं असतं.

परतीच्या वाटेवर मी मनातल्या मनात एकेकाला तपासू लागले. दर वेळी मी एकाच जीपवाल्याबरोबर जायचे. तो गप्पिष्ट होता, आज कुठं, कुणाकडं, सगळं विचारायचा. कॉलनीसमोरच्या एसटीडी बूथचा मालक मी फोन करताना काचेला टेकून उभा असायचा. मी दोघांशीही तुटक बोलू लागले. जीपवाल्याच्या ते लक्षात आलं. एकदा घाट चढताना तो म्हणाला, "ताई, तुम्हाला माझ्यावर डाऊट हाय ना? खरं सांगू, आमाला पण तुमच्यावर हाय. तुम्ही बसल्या की मागचे पॅसेंजर बोलायचे थांबत्यात."



उलगडा झाला तो मी काही डोकं चालवलं म्हणून नव्हे. एकदा मी रेल्वे कामगारांवर लिहायला मनमाडला निघाले होते. सीबीएसवर सुरगाण्याची गाडी सुटताना दिसली आणि काय वाटलं कोण जाणे, मी तिच्यात चढले. जीपवाला नेहमीचाच होता. आजीने नेहमीसारखंच हाकललं. पण त्यानंतर गेले तेव्हा तिनेच आश्चर्याने विचारलं, "मागच्या टायमाला ते आले नाय. का गं?"

मी तिथेच दगडावर बसले. मी आल्याचं त्या खेपेला जीपवाल्याला माहीत होतं. फक्त माझे लेख बहुतेकदा छापणाऱ्या पेपरच्या कचेरीत माहीत नव्हतं. एरवी पानावर जागा राखून ठेवावी म्हणून मी एसटी सुटण्याआधी तिथल्या वृत्तसंपादकांना फोन करायचे, तोही कॉलनीसमोरून नाही, सीबीएसवरून. बातमी कशी लिहायची, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

मी तडक त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"अगं, बातम्यांसाठी पोलीस साहेबांचा रोज फोन असतो. बोलता बोलता निघतं. आणि तू एकटी मुलगी, डोंगरात फिरतेस. कुणाला तरी माहीत असलेलं बरं ना?"

"पण सर, तेच लोक त्या बाईला धमकावतायत."

"तू महिन्याला एखादा लेख लिहितेस. मला रोज पेपर काढायचाय," ते म्हणाले आणि समोरचं प्रूफ वाचू लागले.

मी पुन्हा पाड्यावर गेले आणि आजीला सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे तुझ्याच मान्सानं सांगितलं?"

"हो."

ती दारातून बाजूला सरकली. आत सून चुलीपाशी बसली होती. तिने हलक्या आवाजात, न रडता सांगितलं. नवऱ्याचे हात मागे बांधले होते. तिघे जण होते. एकाच्या हातात पट्टा होता. तिने हाक मारली तेव्हा आतून कुणीतरी खिडकी लावून घेतली.

तो मजकूर मी मुंबईच्या एका साप्ताहिकाला दिला. चौकशी लागली, पुढे खटला उभा राहिला. नाशिकच्या कोर्टात तिची साक्ष व्हायला नवं शतक उजाडलं. तोवर मला घरात कुठे जाते ते न सांगण्याची सवय लागली होती. फोनवर खट्ट झालं तरी मी वाक्य अर्धं सोडायचे. आई म्हणायची, "आमच्यावरही विश्वास नाही का तुझा?"

साक्षीच्या दिवशी पोलिसांच्या वकिलाने मागच्या बाकाकडे, माझ्याकडे बोट केलं. "या पत्रकार बाईंनी तुला पढवून आणलंय ना?"

तिने मान वळवून मला नीट न्याहाळलं.

"हिच्यावर माझा बी भरवसा नव्हता, साहेब," ती म्हणाली. "मी पाहिलं तेच सांगते."

तिघांपैकी दोघांना शिक्षा झाली, एक सुटला. निकाल ऐकायला ती आली नव्हती. बागेत छाटणी चालू होती. मी संध्याकाळी तिथे जाऊन तिला सांगितलं. तिने कात्री खाली ठेवली आणि विचारलं, "सुटला तो पट्टावाला का दुसरा?"

"दुसरा," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि पुढच्या वेलीकडे गेली.