जपून ठेवलेलं यंत्र

नलिनी ढमाले मुळशीच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात. ‘इन्फ्रारेड’ हा शब्द त्यांनी फळ्यावर इतक्यांदा लिहिला होता, की मुलांना तो लांबच्या देवासारखा वाटायचा. नाव सगळ्यांना ठाऊक, दर्शन कुणालाच नाही. पदार्थातून किरण सोडायचे आणि उमटलेल्या आलेखावरून आत काय आहे ते ओळखायचं, एवढंच काम. ते करणाऱ्या यंत्रासाठी बाईंनी विद्यापीठापासून मंत्रालयापर्यंत उंबरे झिजवले. शेवटी पावसाळ्याच्या तोंडावर हिंजवडीच्या एका कंपनीनं प्रयोगशाळा हलवताना आपलं यंत्र देऊन टाकलं. जुनं, पण ठणठणीत.

नेरे गावच्या मेंढरं राखणाऱ्या घरातली सृष्टी तेव्हा शेवटच्या वर्षाला होती. प्रोजेक्टसाठी तिनं एक पदार्थ बनवला होता. तो खरंच जमलाय का, हे यंत्रच सांगणार होतं. तुझा आलेख तूच काढायचा, असा बाईंनी तिला शब्द दिला.

आडवे आले ते संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब. कॉलेजला स्वतःची जमीन दिलेला माणूस, मनानं वाईट नाही, हीच तर पंचाईत. त्यांनी यंत्राला हार घातला, प्लास्टिक चढवलं आणि खोलीला कुलूप ठोकून किल्ली खिशात टाकली. चांगले कप शोकेसमध्ये ठेवून चहा तडा गेलेल्या कपातून प्यायचा, आपली ही जुनीच खोड. कॉलेजच्या तपासणीची कमिटी येऊन गेली की पोरांना देऊ, म्हणाले.

बाईंनी परोपरीनं सांगितलं, की आतल्या काचा मिठासारख्या क्षाराच्या असतात. यंत्र चालू राहिलं तर कोरड्या राहतात, मुळशीच्या पावसात बंद पडून राहिलं तर ओल पितात. अण्णासाहेब हसले. “बाई, लई काळजी करताय. हितं कुणी फिरकणार बी न्हाई.” बाईंनी आणखी दोनदा विषय काढला, मग सोडून दिला. भांडायलाही अंगात त्राण लागतं, ते उरलं नव्हतं.

दिवाळीनंतर कमिटी आली. यंत्रावर ओरखडासुद्धा नाही, म्हणून खूश झाली. ते सुरू करून कुणी पाहिलं नाही.

किल्ली मिळाली तेव्हा सृष्टी आपल्या पदार्थाची पुडी घेऊन दारातच उभी होती. यंत्र सुरू झालं, पण आलेख काही उमटेना. बाईंनी झाकण उघडलं. काचा दुधाळ झाल्या होत्या, कडेला चक्क विरघळल्या होत्या. सृष्टीनं पुडी पिशवीत टाकली.

निरोप मिळताच अण्णासाहेब धावत आले. त्यांचं तोंड खरोखरच उतरलं होतं.

“पर बाई, आमी तर त्याला हात बी लावला न्हाई.”

“हो अण्णा,” बाई म्हणाल्या. “कुणीच नाही लावला.”