अनुकंपेची खिडकी

नोंदणी कार्यालयात मृत्यूचे दाखले मिळतात त्या तीन नंबरच्या खिडकीत बसणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणत. ही नोकरी काकूंना नवरा गेल्यावर त्याच्या जागी, अनुकंपा म्हणून मिळाली. ती अनुकंपा पुढे कुणाला वाटायचीही असते, असं नेमणुकीच्या पत्रात कुठे लिहिलेलं नव्हतं. मग काकूंनी तरी काय करावं?

नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली. तेवढ्या काळात काकूंनी दुःखात भलतीच बढती मिळवली. पंख्याखालची खुर्ची त्यांची. उशिरा आल्या तरी साहेब घड्याळाकडे बघत नसत. कुणी चुकून बोललंच, तर काकूंचे डोळे भरून येत आणि बोलणाराच गुन्हेगार ठरे. खिडकीपलीकडे कुणी रडू लागलं की काकू पेन खाली ठेवत. "अहो, तुमचे वडील ऐंशी वर्षांचे होते. आमचे हे बेचाळिसाव्या वर्षी, चहा पिता पिता गेले!" झालं. स्वतःच्या बापाचा दाखला न्यायला आलेला तो बिचारा काकूंचंच सांत्वन करून परत जायचा.

त्या दिवशी काकूंचा पारा सकाळपासूनच चढलेला होता. एकुलती एक लेक दुसऱ्या दिवशी नोकरीसाठी परगावी चालली होती, आणि परत येण्याचं नाव नव्हतं. "मला एकटीला टाकून चाललीस?" हे महिनाभर रोज विचारून झालं. लेक हूं का चूं न करता बॅग भरत राहिली. आता संध्याकाळी नवऱ्याचा फोटो पुढ्यात ठेवून शेवटचं रडायचं, तिला थांबवायचंच, असं काकूंनी पक्कं केलं होतं.

अकराच्या सुमाराला त्यांच्या गल्लीतली इस्त्रीवाली खिडकीशी आली. तिचा नवरा जाऊन पाच दिवस झाले होते. काकूंना ती बातमी लागली होती, कारण त्यांच्या चार साड्या तिच्याकडे अडकल्या होत्या.

"इस्पितळाच्या कागदावर शिक्का नाही. उद्या ये," काकू म्हणाल्या.

"वहिनी, आज दुपारी टेबल मांडणार आहे. उद्या परत बंद ठेवलं तर गिऱ्हाईक जाईल हो."

"पाचव्या दिवशी इस्त्री? धन्य आहे बाई तुझी! मी तर सहा महिने घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं."

"माहितीये मला," इस्त्रीवाली म्हणाली. टोमणा नव्हता, नुसतं सांगणं होतं. "तुमची पोर तेव्हा शाळा सुटली की रोज माझ्याकडे यायची. टेबलाखाली बसून रडायची. मी म्हणायचे, घरी जा, आईजवळ रड. तर म्हणायची, मी रडले की आई म्हणते, माझं दुःख तुला काय कळणार."

काकूंनी तिचा कागद पुन्हा पुढ्यात ओढला.

"परवा पण आली होती. माझा माणूस गेला म्हणून तासभर माझा हात धरून बसली. स्वतःचा एक शब्द काढला नाही. गुणाची आहे हो."

काकू उठल्या. कागद घेऊन स्वतः साहेबांकडे गेल्या, शिक्क्याशिवाय चालेल अशी त्यांची सही आणली आणि अर्ध्या तासात दाखला तिच्या हातात दिला. जेवणाच्या सुट्टीआधी काकूंची खुर्ची रिकामी बघून शेजारच्या खिडकीतल्या कारकुनाला वाटलं, काकूंना बरं नाही. एका परीने खरंच बरं नव्हतं. लाज वाटत होती, आणि त्या इस्त्रीवालीचा हेवाही वाटत होता.

संध्याकाळी लेक पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. काकू दारातच उभ्या राहिल्या. पाठ केलेलं रडणं काही केल्या येईना.

"बाबा गेले ते तुला कुणी सांगितलं गं?"

लेकीचे हात थांबले. नऊ वर्षांत हा प्रश्न घरात पहिल्यांदाच आला होता.

"मामानं. गणिताचा पेपर चालू होता, वर्गातून बाहेर बोलावलं. म्हणाला, बाबा गेले, आता आईसमोर रडायचं नाही, तिचं दुःख फार मोठं आहे." तिने हातातली घडी बॅगेत ठेवली. "मी बारा वर्षांची होते, आई."